तार एकाची, प्रिंटर घराचा

घरात प्रिंटर आला तेव्हा आम्ही सांगून टाकले होते, हा सर्वांचा. पण त्याची यूएसबी तार लागली थोरल्याच्या लॅपटॉपला, आणि लॅपटॉप त्याच्या खोलीत. धाकटी बारावीला. एक पान छापायचे तरी पेनड्राइव्ह घेऊन भावाच्या दारात उभे राहायचे. "भाई, दोन मिनिटं." "नंतर ये."

एकदा ती कोणालाही न सांगता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रोजेक्ट छापून आली. उर्दू पानांवरची अक्षरे विस्कटलेली, कारण तिथल्या कॉम्प्युटरवर नस्तालीक फॉन्ट नव्हता. अर्जासाठी पाठवलेली आधार कार्डाची फाइल दुकानदाराच्या मोबाइलमध्येच राहिली. आम्ही रागावलो, तेव्हा ती म्हणाली, "अब्बू, प्रिंटर सगळ्यांचा आहे, तर मला दर वेळी विचारावं का लागतं?"

वर्गात आम्ही मुलामुलींच्या बरोबरीचा धडा शिकवतो. घरात मात्र उत्तर सुचले नाही.

रविवारी दोघांना शेजारी बसवले. दोन्ही लॅपटॉप विंडोजचे. ते घरच्या एकाच वायफायवर आणले आणि त्या वायफायचा प्रकार 'प्रायव्हेट' केला. (शाळा, स्टेशन अशा ठिकाणी तो 'पब्लिक'च ठेवावा.) मग शेअरिंगच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू केले. थोरल्याच्या लॅपटॉपवर 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'शेअरिंग'मध्ये जाऊन 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण केली आणि प्रिंटरला छोटे नाव दिले. धाकटीच्या लॅपटॉपवर 'अ‍ॅड प्रिंटर'मध्ये तो दिसेना. तेव्हा विंडोजचे बटण आणि 'आर' एकत्र दाबून, दोन उलट्या तिरप्या रेघा व पुढे भावाच्या लॅपटॉपचे नाव लिहिले. प्रिंटर समोर आला. त्याने भावाच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड मागितला. इथे पिन चालत नाही. जुन्या पुस्तकांत 'होमग्रुप' करा असे लिहिलेले असते, पण विंडोज १० मधून ती सोय २०१८ मध्येच गेली. ती शोधण्यात वेळ घालवू नये. छपाईचे काम घरातल्या घरात होते, इंटरनेटचा डेटा त्यासाठी लागत नाही.

पहिले पान निघाले ते उर्दूचे, एकही अक्षर न तुटता.

अडचण एकच उरली. थोरल्याचा लॅपटॉप बंद असला किंवा झोपी गेला, की प्रिंटर मुका. म्हणून चार्जिंगला असताना 'स्लीप' कधीच नको, अशी सेटिंग केली. तरी बटण त्याच्याच हाती. "तिचं काम असेल त्या दिवशी बंद करणार नाही," असे त्याने कबूल केले. तेवढे मात्र त्याला स्वतःच पाळावे लागेल.

नवा प्रिंटर घेणाऱ्यांनी वायफायचा घ्यावा. तो थेट राउटरला जोडला जातो, कोणाच्या लॅपटॉपवर अवलंबून राहत नाही. दुकानातच जावे लागले तर उर्दू मजकूर पीडीएफ करून न्यावा, फॉन्ट सहसा त्यातच बसतो. जिथे चालते तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे 'मास्क्ड आधार' द्यावे.

आणि आपल्या घरातही एकदा पाहावे: सर्वांची म्हणून आणलेली वस्तू नेमकी कोणाच्या खोलीत आहे?