निवृत्त, पण निकामी नव्हे

बँकेत आम्ही संगणकाची किंमत हिशेबात तीन वर्षांत शून्यावर आणत असू; यंत्र मात्र पुढेही इमानाने राबत राही. पुस्तकी किंमत आणि उपयोग या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. शिवाय इंटेलचे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. धडधाकट यंत्रे त्यामुळे म्हातारी ठरली.

पळवाट काढून नवी प्रणाली जुन्या यंत्रात बसवता येते, पण पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी नसते. जिथून घरचे पैशांचे व्यवहार होतात, तिथे हा जुगार मला मान्य नाही. त्यापेक्षा 'लिनक्स मिंट'सारखी मोफत प्रणाली बरी. पेन ड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. पटली, तर फायलींची प्रत काढून मगच बसवावी. विंडोजचे काही प्रोग्रॅम तिथे चालणार नाहीत. पण पत्रे, मराठी लेखन, इंटरनेट यांचे काही अडत नाही.

चालता संगणक भंगारात देण्यापूर्वी एवढे जरूर करावे. निवृत्त होणे आणि निकामी होणे यांतला फरक साठी ओलांडलेल्यांना तरी सांगावा लागू नये!