शनिवारचा मारुती आणि शनीची भीती



शनिवारी जमून मारुतीस्तोत्र म्हणण्याला माझा विरोध नाही. मलाही ते पाठ आहे, आणि परमुलखात चार मराठी आवाज एकत्र आले की बरे वाटते. पण परवा इथे हेगमध्ये स्तोत्रानंतर साडेसातीवर तेल-रुईचा उपाय सांगितला गेला, तोही पीएचडीवाल्यांना! याच गावात ख्रिस्तियान हायगेन्सने १६५५ साली दुर्बिणीतून शनीचा चंद्र शोधला. समर्थांनी अकरा मारुती स्थापले ते बलोपासनेसाठी. आपण त्यांना शनीपासून राखणारे पहारेकरी केले. समोर मुले बसलेली असतात. त्यांना आधी भय द्यायचे, मग तोडगा? धैर्यच शिकवायचे तर दाभोलकरांचे सांगा. धमक्या असूनही त्यांनी पोलीस संरक्षण नाकारले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. येत्या शनिवारी स्तोत्र झाल्यावर मी हे तिथेच बोलणार आहे.