बॉडीत अर्थ नाही

आमच्यातल्या एका सहकाऱ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. हे नाव आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसेल. विसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली ही दोन आसनी, छत काढता येणारी मोटार. भारतात बनलेल्या मोजक्या स्पोर्ट्स कारपैकी एक. इंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचे, ११४९ सीसीचे, बॉडी फायबरग्लासची. सहकाऱ्याने ती जुनी म्हणून विकत घेतली आणि कशेडी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला आणली. मराठीच्या प्राध्यापकाने अशी गाडी बाळगावी की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये जेवढी चर्चा झाली, तेवढी गेल्या दहा वर्षांत कुठल्याही कवितासंग्रहावर झालेली नाही.

२२ जुलै २०२१ रोजी महाडला जो पूर आला, त्यात ती सीटपर्यंत बुडाली. बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे धुऊन पुसून ती पुन्हा नव्यासारखी दिसू लागली. तिला गंज चढत नाही. गंज चढतो तो आत, तारांच्या जोडांवर, हिरवट पांढऱ्या पिठासारखा, आणि तो बाहेरून दिसत नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर आल्यानंतर एक नवाच प्रकार सुरू झाला. रोज चालवली तर ठीक. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ उचलेना. दीड वर्षात तीन बॅटऱ्या बदलल्या. प्रत्येक वेळी निदान एकच: बॅटरी बसली. प्रत्येक वेळी उपायही एकच. नवी बॅटरी घातली की चार दिवस समाधान, मग पुन्हा ढकलणे. चढावर राहणाऱ्या माणसाला ढकलण्याचे निदान उतरणीचे सुख असते, एवढेच.

अखेर आमच्याच द्वितीय वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, माझ्या मामाकडे नेऊन बघा." मामा पोलादपूरला वायरमन आहेत. घरांचे नव्हे, गाड्यांचे. आम्ही तिघे गेलो. एकाची गाडी होती आणि दोघांना सुट्टी होती.

मिस्त्रींनी बॅटरीला हातही लावला नाही. आधी मीटर लावून दाब पाहिला: १२.१. भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ दाखवते, बाराच्या आसपास आली म्हणजे बरीचशी रिकामी. "बॅटरी काय खराब नाय सर," ते म्हणाले, "रात्री कोणतरी पितंय." ती त्यांनी रात्रभर चार्जिंगला लावली आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. हाही एक धडाच होता. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर निदान करू नये, हे त्यांना ठाऊक होते. अर्धवट वाचलेल्या पुस्तकावर परीक्षण लिहू नये, हे आम्हाला ठाऊक असूनही पाळले जात नाही.

दुसऱ्या दिवशीची पद्धत तपशिलाने सांगायला हवी, कारण या लेखाचे खरे कारण तीच आहे. सर्व दिवे बंद, चावी काढलेली. दार उघडे ठेवायचे होते, म्हणून चौकटीतले बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले, म्हणजे आतला दिवा लागणार नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि तारेच्या व बॅटरीच्या मधोमध मीटर जोडला. आता गाडी जे काही खाईल ते मीटरमधूनच जाणार. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडतो. नव्या गाड्यांत संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा तास, कधी त्याहून अधिक थांबावे लागते. या जुन्या गाडीला दहा मिनिटे पुरली. मीटरने ०.३६ अँपिअर दाखवले.

आकडा क्षुल्लक वाटतो. पण तो चोवीस तास चालतो. दिवसाला साडेआठ अँपिअर-तासांहून थोडे जास्त. बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. म्हणजे दोन दिवसांत निम्मी. गाडी दोन दिवसांनीच का रुसते, याचे उत्तर मिस्त्रींनी खडूने दुकानाच्या फळीवर मांडून दाखवले. रेडिओच्या घड्याळासाठी किंवा इंजिनाच्या संगणकाच्या स्मृतीसाठी थोडे खाणे रास्त आहे, ते म्हणाले. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असले तर कुणी तक्रार करू नये. हे सातपट होते.

मग त्यांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. एक काढायचा, मीटरकडे बघायचे, परत लावायचा, मग पुढचा. दोन एकदम कधीच नाहीत. ज्या फ्यूजने आकडा खाली येईल त्या वाटेवर चोर. सगळे फ्यूज काढून झाले. आकडा हलला नाही.

इथे आमच्यापैकी कुणीही असता तर म्हणाला असता की पद्धत फसली. मिस्त्री उलट खूश झाले. "म्हणजे फ्यूजबॉक्समधून जातच नाय." पेटीतल्या एवढ्या वाटा एका झटक्यात निर्दोष ठरल्या होत्या. उरले दोन संशयित: डायनामो (ते अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात) आणि बॅटरीवरून थेट ओढलेली एखादी तार. डायनामोतला डायोड गेला तर करंट उलटा झिरपतो. बॅटरी पूर्ण सोडवून त्यांनी डायनामोची जाड तार काढली, टोक कापडात गुंडाळले, मीटर पुन्हा जोडला. आकडा तोच.

मधल्या काळात त्यांनी एक दिवा हाताने हलवून पाहिला आणि सहज म्हणाले, "या गाडीचं एक लक्षात ठेवा सर. हिच्या बॉडीत अर्थ नाय."

आम्ही तिघेही मराठीचे. तिघेही एकमेकांकडे पाहू लागलो.

इंग्रजीतल्या पृथ्वीवाचक शब्दाचा गॅरेजातला उच्चार 'अर्थ' असा आहे, हे खरे तर ठाऊक असायला हवे होते. एरवीच्या मोटारीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू लोखंडी बॉडीला जोडलेली असते. प्रत्येक दिव्याला एकच तार जाते, आणि परतीची वाट बॉडीतूनच. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याची परतीची तार वेगळी ओढून खालच्या लोखंडी चासीपर्यंत न्यावी लागते. तिथला नट सैल झाला, जोडाला किटण चढले, की दिवा मंद होतो. पुरात बुडालेल्या गाडीत हे जोड आधी बघायचे असतात, आणि मिस्त्रींनी ते सगळे घासून घट्टही केले. मूळ चोर मात्र तिथे नव्हता.

तो सापडला बोटांना. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर मोठ्या तारेच्या आड एक बारीक लाल तार होती. ती डॅशबोर्डमागे जात होती. मिस्त्री आडवे होऊन आत शिरले, हाताची मागची बाजू एकेका डबीला लावत गेले आणि म्हणाले, "ही गरम हाय." चोवीस तास बंद असलेल्या गाडीत गरम असण्याचा अधिकार कशालाही नसतो. आधीच्या कुठल्यातरी मालकाने चोरांची घंटा बसवून घेतली होती. घंटा केव्हाच मुकी झाली होती, रिमोट हरवला होता, पण तिच्या दोन रिले पुरानंतर ओढलेल्याच राहिल्या होत्या. रात्रंदिवस, कुणासाठीही नाही. तार सोडवली. मीटर: ०.०२.

आता या गोष्टीचा आणि साहित्याच्या अभ्यासाचा संबंध काय? सांगायला थोडी लाज वाटते.

ज्या विद्यार्थ्याने आम्हाला मामाकडे नेले, त्याने आदल्या वर्षी 'माझ्या परिसरातील व्यवसाय' या विषयावर प्रकल्पलेखन केले होते. पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होते: अर्थ मिळत नव्हता म्हणून दिवा लागत नव्हता. आमच्यातल्या एकाने त्याखाली लाल रेघ ओढून समासात लिहिले होते, 'वाक्याचा अर्थ लागत नाही.' दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य नव्हते. मीटर नव्हता, फ्यूज नव्हते, खडूचा हिशेबही नव्हता. मामा अतिशय कष्टाळू होते, वाहनदुरुस्ती हा आधुनिक जीवनाचा अविभाज्य घटक होता आणि भाषा शुद्ध होती. दहापैकी साडेसात गुण आम्ही दिले.

कुणी म्हणेल, त्याने 'भूसंपर्क तार' लिहायला हवे होते, शालेय पुस्तकात तो शब्द आहे. आहे, आणि आम्ही परिभाषेचे वैरी नाही. 'विभवांतर' या शब्दाने जी कल्पना स्वच्छ होते ती गॅरेजातल्या 'व्होल्टेज'ने होत नाही. शिवाय हा वाद आमच्या तालुक्याला नवा नाही. रायगड महाड तालुक्यातच येतो. रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच होता. त्या काळी रूढ केलेल्या पदनामांतले 'सचिव' आज मंत्रालयात नांदते आहे. पण 'दफ्तर', 'अर्ज' आणि 'खर्च' हेही जागचे हलले नाहीत. ज्या शब्दामागे पद होते, रोजचे काम होते, माणूस होता, तो टिकला. 'वितळतार' मागायला आजवर कुणी दुकानात गेलेले आम्ही पाहिलेले नाही. परीक्षेत मात्र सगळेच लिहितात.

मिस्त्रींची मराठी अचूक आहे याचे कारण ती मीटरला उत्तरदायी आहे, असे आम्हाला वाटते. 'रात्री कोणतरी पितंय' हे रूपक आहे, पण ते तपासता येते, आणि चुकीचे ठरले तर मिस्त्री ते सोडून देतात. आमच्या समीक्षेत रूपके पुष्कळ, मीटर कुठेच नाही. एखादी कादंबरी महत्त्वाची का, याची आम्ही सहा कारणे देतो. त्यातले एक काढून पाहिले तर मूल्यमापन बदलते का, हे विचारत नाही. बदलत नसेल तर ते कारण तिथे कशाला होते? दासबोध जिथे रचला गेला असे परंपरा मानते ती शिवथरघळ इथून फार दूर नाही. आणि समर्थांचा प्रचीतीवरचा भर आम्ही दरवर्षी शिकवतो, टिपणांसकट.

मराठी वाचली जात नाही, या तक्रारीचेच पाहा. कारण म्हणून आधी दूरचित्रवाणी होती, मग इंग्रजी माध्यम, मग मोबाईल. आमचे विद्यार्थी आता दूरचित्रवाणी फारशी पाहत नाहीत. तो फ्यूज निघाला, काटा हलला नाही, तरी कुणी वही काढून तशी नोंद केली नाही. दरम्यान अभ्यासक्रम अनेकदा बदलले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला; आनंद झालाच, आम्हीही व्याख्यानमाला घेतली. नवी बॅटरी बसवल्यावर पहिले चार दिवस गाडी उत्तम चालते. एका मुलाला जे नेमके ठाऊक होते ते तो आमच्यासाठी लिहिताना गाळतो, हे गळणे मोजायला आम्ही मीटर कुठे जोडला होता?

मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती एका बॅटरीच्या किमतीच्या आठव्या हिश्शाएवढी होती. आम्ही थोडे जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाही. काढलेल्या रिले खराब आहेत का, असे सहकाऱ्याने विचारले. "रिले चांगल्या हायत," ते म्हणाले आणि एक चालू करून दाखवली. टक् असा आवाज आला. त्या त्यांनी ठेवून घेतल्या, दुसऱ्या कुणाच्या हॉर्नला लागतील म्हणून.

गाडी नंतर मुद्दाम नऊ दिवस उभी ठेवली. दहाव्या दिवशी पहिल्याच सेल्फला उचलली. प्रकल्पलेखनाचा पहिला खर्डा विभागाच्या कपाटात सापडला आहे, लाल रेघेसकट. तो त्या विद्यार्थ्याला परत दिला, आणि त्यातले गाळलेले सगळे पुन्हा लिहून आणायला सांगितले आहे. तो म्हणाला, "सर, आता परीक्षा झाल्यावर."