शेवट ठरला नसेल तर गोष्ट सुरू करू नका

फाळणीच्या दंगलीवरची 'तमस' ही मालिका दूरदर्शनवर दाखवली गेली ती १९८८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. बोटांवर मोजता येतील इतकेच भाग होते. ज्यांनी ती तेव्हा पाहिली त्यांना आज विचारा. नथ्थू, त्याची बायको करमो, कोठीतलं ते डुक्कर, सगळं सांगतील. मग त्याच माणसांना विचारा, गेल्या वर्षी रोज रात्री जी मालिका बघत होतात तिचं शेवटी काय झालं? नाही सांगता येणार. दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. लक्षात राहावं असं त्या मालिकेत काही घडलंच नव्हतं. ती बंद झाली तीही गोष्ट पुरी झाली म्हणून नव्हे, टीआरपी घसरला म्हणून.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला आपल्या गोष्टीचा शेवट ठाऊक नाही, त्याने ती सांगायला बसूच नये. मराठी वाहिन्या आज बहुतेक संध्याकाळी आपल्या घरात जे ओततात ती गोष्ट नसते, दोन जाहिरातींच्या मधली जागा भरण्याचं काम असतं. आणि या कामामागे प्रेक्षकाबद्दलचा तुच्छभाव आहे. माझा राग आहे तो त्यावर.

गोविंद निहलानींनी 'तमस'ची सुरुवात कशी केली ते आठवा. चामड्याचं काम करणारा नथ्थू, म्हणजे ओम पुरी, एका कोंदट कोठीत डुक्कर मारायला धडपडतो आहे. पशुवैद्याला हवंय, असं सांगून ठेकेदाराने त्याला या कामाला लावलेलं आहे. जनावर मरत नाही. रात्र सरत जाते, माणूस घामाने निथळतो, आणि आपण खिळून बसतो. पुढे त्याच डुकराचं मढं मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं. आपल्या हातून काय घडलं हे नथ्थूला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. या एका प्रसंगात दंगलीचं सगळं यंत्र उघडं पडतं. पैसा कुणाचा, हात कुणाचे आणि मरणार कोण. हे समजावून सांगायला पात्रांच्या तोंडी एकही भाषण घालावं लागलेलं नाही.

किंवा राजो घ्या. हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं दुकान-घर सोडून रातोरात पळतं आणि एका मुसलमान घराचं दार ठोठावतं. दार उघडते राजो. सुरेखा सीकरींनी केलेली ही बाई त्यांना आसरा देते. थोड्या वेळाने घरचे पुरुष लुटीची ट्रंक घेऊन येतात. ट्रंक याच पाहुण्यांची आहे. कुलूप फोडायची खटपट चाललेली पाहून हरनामसिंग स्वतःच्या खिशातली किल्ली पुढे करतो. हा हरनामसिंग उभा केला आहे मूळ कादंबरीकार भीष्म साहनींनी स्वतः, आणि बंतो दीना पाठकांनी. राजोची भूमिका लांबीने छोटी आहे. तरी सीकरींना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ती बाई आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. आजच्या वाहिनीच्या हाती ही राजो दिली असती तर तिच्या सुनेला कारस्थानी केलं असतं, किल्लीचा प्रसंग तीन वेळा झूम करून आठवडाभर चालवला असता, आणि रविवारी त्याचाच महाएपिसोड केला असता.

'तमस'च्या गोष्टीचं एक मूळ आपल्या दारात आहे, म्हणूनही मला ती परकी वाटत नाही. १९७० च्या दंगलीनंतर भीष्म साहनी भिवंडीला गेले. जळलेली घरं, ओस पडलेले रस्ते पाहून त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि 'तमस' लिहायला त्यांनी घेतली. कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीत इकडे आलेल्या कुटुंबातले. गोष्ट सांगण्यामागे कारण होतं, आणि कारण असलं की कुठे थांबायचं तेही कळतं.

मालिका बंद पाडायला लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयात आधी स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. १६ फेब्रुवारी १९८८ ला सर्वोच्च न्यायालयानेही मालिकेच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात जी कसोटी लावली ती आली होती नागपूरहून, न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या १९४७ च्या निवाड्यातून. कलाकृतीचा परिणाम जोखायचा तो विचारी, खंबीर माणसाच्या नजरेने, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या नजरेने नव्हे. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाने साध्या प्रेक्षकाच्या बुद्धीवर भरवसा ठेवला. वाहिन्यांचे अधिकारी मात्र छातीठोकपणे सांगतात की आमच्या प्रेक्षकाला एवढंच कळतं! माझी आई जेमतेम चौथी शिकलेली होती. तिने 'तमस' पाहिली आणि तिला ती पुरती कळली. तिच्या नावावर हा कचरा खपवायचा अधिकार यांना कुणी दिला?

कुणी म्हणेल, तेव्हा दूरदर्शनशिवाय दुसरं होतंच काय? लोकांनी पाहिलं कारण पर्याय नव्हता. हा युक्तिवाद तकलादू आहे. त्याच वर्षी त्याच दूरदर्शनवर इतरही ढीगभर कार्यक्रम झाले आणि विस्मरणात गेले. पर्याय नसल्याने माणूस टीव्हीसमोर बसेल, पण आयुष्यभर आठवण ठेवणार नाही. दुसरा युक्तिवाद पोटाचा. लांब मालिकेवर शेकडो घरं चालतात, हे खरं आहे आणि त्याची चेष्टा मी करणार नाही. पण एका मालिकेच्या तीन हजार भागांऐवजी त्याच वेळेत दोनशेहून जास्त छोट्या मालिका होतील, तेव्हाही प्रकाशयोजना, वेशभूषा, संकलन माणसंच करतील. उलट तीच चार पात्रं वर्षानुवर्षं वठवून नटांचं जे मातेरं होतं ते थांबेल.

परदेशात हे वेगळं आहे असंही समजू नका. 'बिग लिटल लाइज' २०१७ मध्ये मर्यादित मालिका म्हणून आली, एमी पुरस्कार घेऊन गेली, आणि यश मिळताच २०१९ मध्ये तिचा दुसरा सीझन निघाला. गोष्ट पुरी झाली होती. हाव पुरी झाली नव्हती. त्याच २०१९ मधली 'चेर्नोबिल' पाहा. पाच भाग. शेवटच्या भागात शास्त्रज्ञ लेगासोव्ह कोर्टात लाल-निळ्या पाट्या लावून अणुभट्टी का फुटली ते सांगतो. अणुविज्ञानाचा हा पाठ जगभरच्या सामान्य माणसांनी श्वास रोखून ऐकला. सांगायचं ते सांगून झालं आणि मालिका थांबली.

मराठीत साहित्य कमी पडतंय असं तर कुणी म्हणूच शकत नाही. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा', विश्वास पाटलांची 'झाडाझडती', सदानंद देशमुखांची 'बारोमास'. गाव, धरण, शेती, सगळं पडलेलं आहे. यातल्या एकेका कादंबरीवर सहा किंवा तेरा भाग करा. पहिल्या दिवशीच जाहीर करा की अमुक तारखेला ही मालिका संपेल, आणि टीआरपी चढला तरी त्या तारखेला ती संपवा.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. मालिकेला वाट सापडत नाही, ती नुसती लांबते आहे, हे तुम्हाला वाहिन्यांच्या आधी कळतं. ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी बघणं बंद करा. सवयीने एक आठवडाही जास्त देऊ नका.