गोदीच्या फाटकाबाहेरचे शहर

मराठी प्रवासवर्णनातला माणूस सहसा तिकीट काढून निघालेला असतो. काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु.लं.चे 'अपूर्वाई' (१९६०) ही पुस्तके आम्ही वर्षानुवर्षे आवडीने शिकवत आलो आहोत. पण बोटीच्या पोटात इंजिनाला तेल घालणारा किंवा भटारखान्यात भांडी घासणारा माणूसही परक्या बंदरात उतरतो, चालत शहर पाहून येतो. त्याचे शहर आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही.

हे शहर मागच्या दाराने सुरू होते. प्रवाशाला आधी स्मारके दिसतात. खलाशाला दिसतात गोदामे, ट्रकांचे तळ, रुळांच्या जाळ्या आणि कुंपणाला लागून गेलेला, पदपथ नसलेला रस्ता. हाताशी चार-सहा तास. त्यांतले दोन फोनचे कार्ड, घरी पैसे पाठवण्याची खिडकी आणि भात मिळेल अशी खानावळ शोधण्यात जातात. भाषा येत नाही, म्हणून परतीची खूण गोदीतल्या उंच क्रेनची. बोट चुकली तर नोकरी गेली, ही जाणीव पावलागणिक सोबत असते. ज्याचे पाहणे इतके घड्याळाला बांधलेले आहे त्याच्या वर्णनाला वेगळीच धार येऊ शकते, असे आम्हांला वाटते.

'यात साहित्य कुठे आहे?' असे आमचे काही ज्येष्ठ सहकारी विचारतात. अशा हकीकती पुष्कळदा कंटाळवाण्या असतात, हे खरेच. पण मग गोडसे भटजींचे काय करायचे? 'माझा प्रवास' हे १९०७ साली छापले गेलेले पुस्तक दक्षिणेच्या आशेने घर सोडलेल्या भिक्षुकाचे आहे. पोटासाठी पायी निघालेल्या त्या माणसाने १८५७ची झाशी पाहिली आणि लिहिली. कामासाठी फिरणाऱ्याची नजर मराठी गद्याला परकी नाही. पुढे पांढरपेशा प्रवाशाने ती झाकून टाकली, एवढेच.

आमच्या भोर-वेल्ह्याकडे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) समुद्र दिसत नाही. तरी वरंध घाट उतरला की महाड, सावित्रीकाठचे जुने बंदर. वेल्ह्याकडून मढे घाटाची पायवाटही त्याच बाजूला उतरते. आज याच जिल्ह्यात इंदुरी आणि लोणी काळभोरला बोटीवरच्या नोकरीचे शिक्षण मिळते, आणि डोंगरातली मुले थेट परदेशी बंदरांवर पोचतात.

रत्नागिरी जिल्ह्यातले सारंग, तांडेल, खलाशी तर इंग्रजांच्या बोटींवर पिढ्यान् पिढ्या होते. आशियाई खलाशांसाठी लंडनच्या लाइमहाउस भागात १८५७ साली एक वसतिगृह उघडले. तिथल्या माणसांविषयी जोसेफ सॉल्टर या मिशनऱ्याने १८७३ साली पुस्तक लिहिले. त्या रस्त्यांवरून चालणाऱ्या खलाशांना ते शहर कसे दिसले, ते मात्र सॉल्टरच्या पुस्तकातून कळण्यासारखे नाही.

आता तर चालणेच आटत चालले आहे. कंटेनरची बोट कित्येक बंदरांत जेमतेम दिवसभर थांबते. २००४ साली बंदरांच्या सुरक्षेचे नवे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले आणि फाटकाबाहेर पडणे अवघड झाले. २०२०च्या साथीत तर किनाऱ्यावर उतरणेच बंद झाले. त्या वर्षअखेरीस सुमारे चार लाख नाविक करार संपूनही बोटींवर अडकून होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. नाविकाला किनाऱ्यावर जाऊ द्यावे, असे २००६चा सागरी श्रम करार सांगतो, आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारला आहे. पण करारात असलेली सुट्टी आणि हातात पडलेले चार तास यांत बरेच अंतर असते.

म्हणून एम.ए.च्या प्रकल्पांत वाड्यावस्त्यांवरच्या ओव्या जमवतो तशा या हकीकतीही जमवाव्यात, असे आमचे म्हणणे आहे. सुट्टीवर गावी आलेला असा कोणी भेटला तर विद्यार्थ्यांनी 'काय काय पाहिले?' असे विचारू नये. त्याला ठरावीक उत्तरे मिळतात. फाटकातून बाहेर पडल्यावर कोणत्या हाताला वळलात, आणि का, इथून सुरुवात करावी.