नाव आपले, पावती कोणाच्या नावावर?



चाळीतल्या खोलीवरून उठलेला वाद आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. एखादे कुटुंब वीस-वीस वर्षे त्या खोलीत राहते, भिंतींना रंग देते, विजेचे बिल भरते, मुलांची लग्ने तिथून लावते. आणि एक दिवस प्रश्न निघतो, भाडेपावती कोणाच्या नावावर? पावतीवर दुसऱ्याचेच नाव निघाले की राहणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. इंटरनेटवर आपण जे नाव घेतो, ज्याला डोमेन नेम म्हणतात, त्याचेही असेच आहे. या वेळी त्याविषयी लिहितो आहे, कारण या बाबतीत माझी स्वतःचीच चूक झाली आहे.

आमच्या वस्तीत एक अभ्यासिका चालते. घरी एका खोलीत सहा माणसे, टीव्ही आणि पाहुणे. म्हणून दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची मुले रात्री तिथे बसतात. काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून अभ्यासिकेची वेबसाइट केली. ओळखीतल्या एका तरुणाने कमी पैशांत काम करून दिले. वेळापत्रक, जुन्या प्रश्नपत्रिका, देणगीदारांची यादी, सारे त्यावर आले. आम्हीही हौसेने तो पत्ता पावतीपुस्तकावर, हॅण्डबिलांवर आणि दारावरच्या फलकावर घातला. मी खजिनदार. पै-पैचा हिशेब ठेवला, पण हे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे, हा साधा प्रश्न मी विचारला नाही.

पुढे तो तरुण परगावी नोकरीला गेला. त्याचा फोन बदलला. दरवर्षी पैसे भरण्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली आणि ती कोणी वाचली नाही. एके संध्याकाळी एका मुलीची आई दारात थांबून म्हणाली, "भाऊ, अभ्यासिकेच्या साइटवर जुगाराची जाहिरात कशी काय येते?" मी बघितले, तर खरेच. मुदत संपून सुटलेले नाव दुसऱ्याच कोणी घेतले होते. तो तरुण लबाड नव्हता. त्याने सोय म्हणून स्वतःच्या खात्यावर नाव घेतले होते. नोंद मात्र त्याच्या नावावर, म्हणून नाव सुटले तेव्हा आम्हाला कोणी विचारलेही नाही.

आता ही व्यवस्था चालते कशी, ते पाहू. पहिले 'डॉट कॉम' नाव १९८५ साली नोंदले गेले. १९९५ पर्यंत नोंदणी फुकट होती, त्यानंतर फी सुरू झाली. १९९८ पासून या सर्व नावांची जागतिक देखरेख आयकॅन ही संस्था करते. भारताच्या 'डॉट इन' नावांचा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे. आपण थेट त्यांच्याकडे जात नाही. त्यांनी मान्यता दिलेल्या कंपन्या असतात, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. पैसे त्यांच्याकडे भरायचे आणि खातेही त्यांच्याकडे उघडायचे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळते, बहुधा कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. आणि नाव वेगळे, जागा वेगळी. नाव म्हणजे पत्ता. मजकूर आणि फोटो ज्या यंत्रावर ठेवतात ती जागा म्हणजे होस्टिंग. दोन्हींचे पैसे वेगळे आणि दोन्हींच्या तारखाही वेगळ्या असू शकतात.

नाव मोकळे आहे का?

पुष्कळ जण मोबाइलवर नाव टाकून पाहतात. पान उघडले नाही की म्हणतात, नाव मोकळे आहे. हे चूक आहे. नाव नोंदलेले असते, पण त्यावर वेबसाइट केलेली नसते, असेही होते. खरी तपासणी रजिस्ट्रारच्या शोधपेटीत होते. आयकॅनच्या स्वतःच्या शोधपानावरही 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी' अशा नावांची नोंद फुकट पाहता येते. नोंद केव्हा झाली, मुदत केव्हा संपते आणि रजिस्ट्रार कोण, हे तिथे दिसते. धारकाचे नाव मात्र हल्ली बहुधा झाकलेले असते. म्हणून "नाव आपल्याच नावावर आहे" असे कोणी सांगितले, तर खाते उघडून डोळ्यांनी पाहावे.

आपल्या संस्थांची एक खास अडचण आहे. पंचशील, नालंदा, मिलिंद, सिद्धार्थ, रमाई ही नावे गावोगावच्या मंडळांना, वाचनालयांना आणि बचत गटांना आहेत. नुसते तेच नाव मागायला गेलात, तर ते आधीच गेलेले असण्याचा संभव फार. इथे ज्याने आधी नोंदले त्याला नाव, असा नियम आहे. तेव्हा निराश न होता नावापुढे गावाचे किंवा कामाचे नाव जोडा.

दुसरी अडचण स्पेलिंगची. सिद्धार्थमधला 'डी' एकदा की दोनदा? शेवटी 'ए' आहे की नाही? रमाईच्या शेवटी 'आय' एक की दोन? घरातल्या शाळकरी पोराला फोनवरून नाव सांगा आणि लिहायला लावा. त्याने पहिल्या झटक्यात बरोबर लिहिले, तर नाव चांगले. नावात मोकळी जागा चालत नाही. जोडरेघ चालते, पण सुरुवातीला किंवा शेवटी नाही. लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. देवनागरीत 'डॉट भारत' ही सोय २०१४ पासून आहे आणि त्यात मराठीही येते. परंतु सगळीकडचे फॉर्म असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत, म्हणून सोबत रोमन अक्षरांतले नावही असावे.

मसाले-पापडाचा धंदा करणाऱ्या भगिनींनी आणखी एक काळजी घ्यावी. नाव मोकळे दिसले म्हणजे ते वापरण्याचा हक्क मिळाला, असे नव्हे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' या कंपनीने 'रॅडिफ' नावाविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने रेडिफची बाजू मान्य करून ते नाव वापरण्यास मनाई केली. २००४ साली सिफी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते. म्हणून मोठ्या कंपनीच्या नावाची नक्कल नको. व्यापारचिन्हांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते, ती आधी पाहून घ्यावी.

नोंदणी करताना

पहिले, फॉर्ममध्ये 'संस्था' हा रकाना असतो. तिथे संस्थेचे नाव घाला. नोंदणीकृत संस्था असेल, तर कागदपत्रांवर आहे तसेच.

दुसरे, ईमेल संस्थेचा हवा, कोणा एकाचा खाजगी नको. त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि चिटणीस दोघांकडे असावा. 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी' नावांसाठी या ईमेलवर खातरजमेचा निरोप येतो. पंधरा दिवसांत त्याला उत्तर दिले नाही, तर नाव बंद पडू शकते.

तिसरे, पहिल्या वर्षाच्या स्वस्त भावाला भुलू नका. दुसऱ्या वर्षी किती भरावे लागेल, ते आधी विचारा आणि बिल संस्थेच्या नावावर घ्या.

चौथे, संगणकाचे काम करणाऱ्याला कामाचे पैसे अवश्य द्या, पण नाव आपल्या खात्यात आपण घ्या. आधीच त्याच्या खात्यावर असेल, तर संबंध चांगले आहेत तोवर ते आपल्या खात्यात वळते करून घ्या. भांडण झाल्यावर ही मागणी करणे फार कठीण जाते.

मुदत चुकली तर?

'डॉट कॉम'सारख्या नावांची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार बहुधा थोडे दिवस सवलत देतो. नोंद रद्द झाल्यावरही तीस दिवस जुन्या धारकाला ती सोडवून घेता येते, पण त्याला दंडासह बरेच जास्त पैसे पडतात. त्यानंतर पाच दिवसांनी नाव जगाला मोकळे होते. काही कंपन्या मुदत संपलेली नावे त्याआधीच लिलावात काढतात. तेव्हा सवलतीच्या भरवशावर राहू नये. ही चूक गरिबांचीच होते असेही नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या आपल्या नावाचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलच्या लोकांना आपले ईमेल उघडता येईनात. शेवटी बाहेरच्याच एका प्रोग्रामरने पस्तीस डॉलर भरून ते सुरू केले. आपल्या अभ्यासिकेसाठी असे कोण धावणार?

आमचे नाव परत मिळाले नाही. ज्याने घेतले त्याने मोकळे झालेले नाव रीतसर घेतले होते. आम्ही गावाचे नाव जोडून नवे नाव घेतले, या वेळी संस्थेच्या नावे, पाच वर्षांसाठी. फलक पुन्हा रंगवला. उरलेल्या पावतीपुस्तकांवरचा जुना पत्ता मुलांनी बसून एकेका पानावर शाईने खोडला. ते काम पाहताना मला फार वाईट वाटले, कारण अभ्यासाची ती रात्र त्यांनी माझ्या चुकीपायी घालवली.

म्हणून एवढेच सांगणे आहे. आपल्या मंडळाची, बचत गटाची, शाळेची किंवा दुकानाची वेबसाइट असेल, तर येत्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. नाव कोणाच्या नावे आहे? सूचना कोणत्या ईमेलवर येते? मुदत केव्हा संपते? आणि तिन्हींची उत्तरे कार्यवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. माणसे बदलतात, फोन बदलतात, वही मात्र पुढच्या खजिनदाराच्या हाती जाते.