उत्तराची अपेक्षा नाही

जगात कुठेही सीमेचा तंटा पेटला, की 'म्युनिकचा धडा' हे शब्द हमखास कानी येतात. १९५६ साली सुएझच्या प्रश्नात ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी इजिप्तच्या नासर यांच्याविरुद्ध हाच धडा पुढे केला. २०२२ नंतर युक्रेनच्या निमित्ताने तो पुन्हा गिरवला गेला. आक्रमकापुढे नमते घेऊ नये, असा त्याचा आशय. आमचा आक्षेप आशयाला नाही, वाक्यरचनेला आहे. या धड्यातील सगळी क्रियापदे बड्या राष्ट्रांची आहेत: त्यांनी नमते घेतले, त्यांचे चुकले, त्यांनी शिकावे. ज्याचे लचके तोडले गेले तो चेकोस्लोव्हाकिया या वाक्यात कर्ता नाहीच, धड कर्मही नाही. फार तर अधिकरण आहे, जिथे गोष्ट घडली ते ठिकाण.

२९ सप्टेंबर १९३८ रोजी हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि दलादिए म्युनिकमध्ये जमले. विषय होता सुडेटन प्रदेशाचा, म्हणजे जिथे सुमारे ३० लाख जर्मनभाषक राहत होते त्या सीमाभागाचा. (त्यांची सगळीच गाऱ्हाणी बनावट नव्हती, हेही सांगितले पाहिजे.) फ्रान्स चेकोस्लोव्हाकियाच्या संरक्षणास तहाने बांधलेला होता, सोविएत संघाचे १९३५चे वचन फ्रान्सने आधी पाऊल उचलण्यावर अवलंबून होते. एक गाठ सुटली की दुसरी आपोआप सुटावी, अशी ती रचना. प्रत्यक्ष बैठकीला चेकोस्लोव्हाकियाला बोलावणेच नव्हते. व्होयतेख मास्त्नी आणि हुबर्ट मासार्झिक हे त्याचे दोन प्रतिनिधी हॉटेलात पहाऱ्यात बसून राहिले.

मध्यरात्र उलटल्यावर त्यांच्या हाती कराराचा मजकूर देण्यात आला. मासार्झिक यांनी त्या प्रसंगाचा अहवाल लिहून ठेवला आहे. चेंबरलेन जांभया देत होते. दलादिए अस्वस्थ आणि गप्प होते. आमच्या सरकारकडून उत्तर अपेक्षित आहे का, असे विचारताच फ्रेंच परराष्ट्र खात्याचे मुख्य सचिव अलेक्सी लेजे घाईघाईने म्हणाले की उत्तराची गरज नाही, योजना मान्य झाली असेच धरलेले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे लेजे दुसऱ्या नावाने ठाऊक असतात: सँ-जॉन पेर्स. १९२४चे 'आनाबाज' त्यांचेच आणि १९६०चे साहित्याचे नोबेलही त्यांनाच मिळाले. आपण त्यांचे नाव आदराने घेतो आणि पुढे जातो. लेजे हिटलरधार्जिणे मुळीच नव्हते. १९४०मध्ये विशी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि ते अमेरिकेत परागंदा झाले. म्हणूनच ती रात्र अधिक सलते. ते वाक्य एखाद्या दुष्टाच्या तोंडी असते तर आपली सुटका झाली असती. शब्दांचे वजन जाणणाऱ्या माणसाने ते उच्चारले, आणि 'मान्य झाली' या शब्दांत मान्य कोणी केली हे सांगावेच लागत नाही, ही सोय त्यानेही घेतली. कवी आणि अधिकारी अशी एका माणसाची वाटणी करून हा प्रश्न मिटवता येतो, असे आम्हांला वाटत नाही.

याच्या शेजारी कारेल चापेक ठेवून पाहावा. 'रोबो' हा शब्द ज्याच्या नाटकातून आपल्यापर्यंत आला, तो हा चेक लेखक. सॅलॅमँडरांशी माणसाच्या युद्धावरील त्याच्या १९३६च्या कादंबरीत अशीच एक परिषद आहे. तीत बडी राष्ट्रे चीनचे मध्यवर्ती प्रांत सॅलॅमँडरांना देऊ करायला निघतात, आणि चीनच्या प्रतिनिधीची तेथे कोणी दखल घेत नाही. दोन वर्षांनी हे चापेकच्या स्वतःच्या देशाच्या वाट्याला आले. २५ डिसेंबर १९३८ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

लहानपण म्हणजे निष्पापपण नव्हे. त्याच ऑक्टोबरात पोलंडने तेशीनचा भाग घेतला, नोव्हेंबरात हंगेरीने दक्षिण स्लोव्हाकियाचा पट्टा मिळवला. आणि १९४५ नंतर चेकोस्लोव्हाकियाने आपल्या बहुतेक जर्मनभाषकांना देशाबाहेर काढले.

चेक लोक म्युनिकला विश्वासघात म्हणतात. 'ओ नास बेझ नास' असा त्यांचा शब्दप्रयोग आहे: आमच्याविषयी, आमच्यावाचून. मराठीत रूढ झाला तो 'म्युनिक करार'. त्याखाली सह्या चार आहेत. चेकोस्लोव्हाकियाची त्यांत नाही.